नव्या बनावटीची जुनी रायफल

सॅगिनॉ, मिशिगन
रविवार, ९ सप्टेंबर २०१८

प्रिय रेयनो काका,

नमस्कार. तुम्ही आणि लेम्पी काकू दोघंही बरे असाल. इकडे माझं ठीक चाललंय. शाळा सुरू होऊन आठवडा झाला. माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत, आणि त्यातल्या एकालाही मिशिगनचा नकाशा, राज्याचे दोन तुकडे जोडणाऱ्या त्या लांब पुलाच्या वर, काढता येत नाही. मी फळ्यावर आपला सगळा उत्तरेचा भाग काढून दाखवला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथे माणसं राहतात?" मी म्हटलं, माणसं तिथेच राहतात, गोष्टीतल्यासारखे पुलाखाली राहतात ते राक्षस, म्हणजे आपण इथले. तुमचीच थट्टा तुम्हाला विचारल्याशिवाय वापरली, रागावू नका.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण लाकूड-गिरणीनं तुमच्या कानांची वाट लावलीय आणि मला काही नीट समजावून सांगायचंय. शिवाय आईच्या कानावर जायला नको.

तीन नोव्हेंबरला बाबा साठ वर्षांचे होतील. मला त्यांना एक रायफल द्यायचीय.

टोइवो आजोबांची ती लष्करी रायफल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सैन्यानं मोडीत काढलेली, टपालानं मागवलेली, बोल्ट मागे-पुढे करून एकेक गोळी भरायची. मी तिची एकच गोष्ट शंभरदा ऐकलीय, ती जळाली त्याची. एक्याण्णव साली तुम्ही आणि बाबा सॉनाच्या वाफेत बसला होतात, बाहेर आलात तर शिकारीचा जुना लाकडी कॅम्प पेटलेला, आणि तुम्ही दोघं अंगावर चिंधी नसताना बर्फात उभे. बाबा आत शिरायला निघाले तेव्हा तुम्ही त्यांना खाली पाडून त्यांच्या छातीवर बसलात. "रेयनोनं मला वाचवलं, पण रायफल घालवली," असं बाबा म्हणायचे, आणि मग तुम्ही म्हणायचात, "वजन केलं होतं मी दोघांचं. रायफल हलकी भरली."

तर आता तीच रायफल नव्यानं बनवतात. नमुना जुना लष्करी, पण नळी नवी, लाकूड नवं, प्रत्येक स्क्रू आज कातलेला. अस्सल जुन्या मिळतात, पण त्यांच्या नळ्या आतून झिजलेल्या असतात म्हणे. मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून ज्यांनी ही विकत घेतलीय त्या लोकांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय ते मी महिनाभर वाचतेय. एका वहीत एक्केचाळीस जणांची मतं उतरवून काढलीत. (हसू नका. मी परीक्षेचा अभ्यासही असाच केला होता.)

बहुतेक सगळे म्हणतात, नेम सरळ आहे. बोल्ट सुरुवातीला आखडतो, दोनेकशे गोळ्या झाडल्या की मोकळा होतो. वायोमिंगचा एक जण लाकडावर फार चिडलाय. ओहायोतल्या एकानं लिहिलंय की शिक्का चुकीच्या जागी मारलाय, त्याच्या आजोबांनी बघितली असती तर परत केली असती. आणि एकानं फक्त दोन ओळी लिहिल्यात: "म्हाताऱ्यासाठी घेतली. त्यानं हातात घेतली आणि रडला." मी या माणसाच्या मताखाली दोन रेघा मारल्यात.

बाबांचं तुम्हाला माहीतच आहे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ते पूर्वीसारखे नाहीत. लाकडाचा ट्रक गेला, जड गाडी चालवायचा परवाना गेला. आई सांगते, अकरा-अकरा वाजेपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत, शनिवारचा सॉनाही सोडलाय. भिंतीवरच्या त्यांच्या चारही बंदुका मार्चपासून तुमच्याकडे आहेत. आई म्हणाली, तुमची तिजोरी कोरडी आहे आणि आमच्या घरात ओल येते म्हणून. मला वाटतं, रिकाम्या खुंट्या बघत बसणं चांगलं नाही. त्यांना हातात धरायला स्वतःचं काहीतरी हवं.

तुमचं मत हवंय. या एक्केचाळीस जणांना बाबा माहीत नाहीत. तुम्हाला रायफलही माहीत आहे आणि बाबाही.

काकूंना सांगा, त्यांच्या वेलदोड्याच्या पावाची इथे फार आठवण येते. इथल्या बेकरीत वेलदोडा मागितला तर दालचिनी देतात.

तुमची,
सायमा


सॅगिनॉ
रविवार, ७ ऑक्टोबर २०१८

प्रिय रेयनो काका,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. दोन पानं! लेम्पी काकूंनी सांगितलं होतं की तुम्ही आयकराच्या कार्यालयालासुद्धा अर्ध्या पानाच्या वर लिहीत नाही. मी ते चारदा वाचलं.

तुमचे आक्षेप मी वहीत बेचाळिसावं मत म्हणून उतरवलेत. मागचा लाकडी दस्ता अक्रोडाचा नाही, बीचच्या फिक्या लाकडाचा आहे आणि वर रंग मारलाय. बोल्ट आखडतो आणि थंडीत आणखी आखडेल. नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी नाजूक आहे, झुडपात अडकून वाकेल. आणि "नव्या बनावटीची जुनी वस्तू म्हणजे दाताच्या कवळीनं हसणं". हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळे खो-खो हसले.

शेवटी तुम्ही लिहिलंत, "एनारला बर्फाला भोक पाडायचं नवं गिरमिट घे. त्याचं जुनं बोथट झालंय. माणसानं हिवाळ्यात मासे धरावेत, चार लोकांत बसावं. रायफलची त्याला या वर्षी गरज नाही." आणि त्याखाली: "घेण्याआधी एकदा इकडे ये. समोरासमोर बोलू."

मी यायला हवं होतं हे कळतंय, पण पालकसभा होती आणि साडेपाच तासांचा रस्ता. म्हणून पुन्हा कागदावरच भांडते.

काका, लाकूड फिकं असलं तर असू दे, पाच वर्षांत तेल पिऊन गडद होईल. माशी वाकली तर बदलता येते, टेक्ससच्या एका बाईनं कशी ते लिहिलंय. यातलं काहीच न घेण्याइतकं मोठं कारण नाही. तुम्ही रायफलबद्दल इतकं लिहिलंत, पण "या वर्षी गरज नाही" का, ते लिहिलं नाहीत.

मला काय वाटतं ते सांगते. कॉलेजात शेवटच्या वर्षी आमच्या एक बाई होत्या. त्या म्हणायच्या, आजारी माणसाला सगळ्यात जास्त आजारी काय करतं, तर लोकांनी त्याच्याकडे आजारी म्हणून बघणं. मला ते फार पटलं होतं, आजही पटतं. बाबांच्या हातून एका वर्षात सगळं काढून घेतलं गेलं. ट्रक, परवाना, आणि बाकीचं. घरात सगळे त्यांच्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलतात. आई तर त्यांच्या ताटातला मांसाचा तुकडासुद्धा स्वतः कापून देते. साठ वर्षांचा माणूस! कोणीतरी एकानं तरी त्यांच्यावर पूर्वीसारखा विश्वास टाकायला नको का? घरातली शिकलेली म्हणून मी कधी मिरवत नाही, पण शिकून जर एवढंही करता येत नसेल तर मग कशाला शिकले?

परवा फोनवर मी सहज विचारलं, "बाबा, आजोबांची रायफल आत्ता मिळाली तर पहिली गोष्ट काय कराल?" त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "पुसून ठेवीन." आणि हसले. काका, फेब्रुवारीनंतर मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

तेव्हा मी मागणी नोंदवली आहे. रायफल इथल्या दुकानात येईल, माझी कागदपत्रं होतील आणि मी ती गाडीत घालून घेऊन येईन. आईला यातलं काही सांगू नका. तुम्ही तीन तारखेला नक्की या, आणि चेहरा जरा बरा ठेवा. लेम्पी काकू म्हणतात की तुमच्या दुःखाच्या आणि आनंदाच्या चेहऱ्यांतला फरक फक्त तुमच्या कुत्र्याला कळतो.

रागावू नका.

तुमची हट्टी,
सायमा


सॅगिनॉ
रविवार, ११ नोव्हेंबर २०१८

प्रिय रेयनो काका,

नमस्कार. वाढदिवसाला आलात, फार बरं वाटलं. तुम्ही पाचच मिनिटांत कोट चढवून निघून गेलात ते मात्र बरं वाटलं नाही. बाबा रायफल हातात घेऊन तुम्हालाच शोधत होते.

तुम्ही गेल्यावरचं सांगते. बाबांनी बोल्ट मागे ओढला, पुढे सारला, दहा-बारा वेळा. मग दस्ता गालाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वजन तेच आहे." आपले चर्चमधले वाल्फ्रिड आजोबा म्हणाले, "एनार, लाकूड बघ, चेटकिणीच्या पायासारखं पांढरं!" तर बाबा म्हणतात, "तू किती चेटकिणींचे पाय बघितलेस रे? तुझ्या बायकोला विचारू का?" सगळी खोली हसली. माझ्या बाबांनी विनोद केला, काका. आई सोडून सगळे हसले.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिच्या हातात मांस-बटाटा भरलेल्या पेस्टींचं गरम तबक होतं, ते तिनं खाली ठेवलंच नाही. म्हणाली, "मला विचारायचं तरी."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

"का, ते सांग ना मग."

तिनं कोपरानं दार लोटलं. मग म्हणाली, "तबक तापलंय, बाजूला हो." एवढंच.

मला माहीत आहे, ती तुम्हाला फोन करणार. कदाचित केलाही असेल. रायफल घेऊन जा म्हणून सांगेल. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, ती नेऊ नका. एकदा दिलेली वस्तू त्यांच्या हातातून परत काढून घेतली तर ते पुन्हा उभे राहणार नाहीत. गुरुवारी शिकार सुरू होते, तुम्ही कॅम्पवर बरोबर असालच. त्यांना त्यांच्या स्वतःच्या रायफलनं शिकार करू द्या. माझ्यासाठी एवढं करा.

निघताना बाबा गाडीपर्यंत आले. आजोबांची ती फिनलंडहून आलेली सुरी, बर्चच्या लाकडाच्या मुठीची, त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "बाबा, ही तर तुम्ही हरीण सोलायला वापरता." तर म्हणाले, "तुझ्याकडे असू दे. मुलांना दाखव शाळेत." मी म्हटलं, शाळेत सुरी नेली तर माझी नोकरी जाईल, आणि आम्ही दोघंही हसलो. पुलापर्यंत मी गाणं म्हणत आले.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सायमा


सॅगिनॉ
रविवार, ७ एप्रिल २०१९

प्रिय रेयनो काका,

नमस्कार. इथला बर्फ वितळलाय. तुमच्याकडे अजून खिडकीपर्यंत असेल.

चार महिन्यांत मी हे पत्र सहा वेळा सुरू केलं. दर वेळी हवेवर, शाळेवर दोन परिच्छेद लिहिते आणि मग कागद संपल्यासारखा वाटतो. आज तसं करणार नाही.

आधी कामाचं. पाद्री म्हणाले की गोठलेली जमीन मे महिन्याच्या मध्यापर्यंत खणण्याजोगी होईल. तोवर बाबा दफनभूमीतल्या त्या दगडी खोलीत आहेत, हिवाळ्यात गेलेल्या बाकी पाच जणांबरोबर. तारीख अठरा मे धरलीय. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. पाच मिळाली आहेत. सहावा कोण, असं कोणी विचारत नाही. सगळे जागा मोकळी ठेवून बसलेत.

नोव्हेंबरमध्ये बाबांसाठीच्या प्रार्थनेला तुम्ही आला नाहीत. आई म्हणाली, "येईल तेव्हा येईल." मी तेव्हा तुमच्यावर खूप रागावले होते. घरी एकटी असताना तुमच्याशी मोठ्यानं भांडायचे. या माणसानं मला दस्त्याच्या लाकडावर दोन पानं लिहिली, आणि एक ओळ लिहिली नाही! "सायमा, तुझ्या बापाला मरावंसं वाटतंय, म्हणून बंदुका माझ्याकडे आहेत." एवढी एकच ओळ. मी ती कितीदा तुमच्या अक्षरात मनात लिहून बघितली.

मग फेब्रुवारीत त्या दुकानाकडून ईमेल आला. आपोआप जातात तसले. "आपली खरेदी कशी वाटली? इतर ग्राहकांना आपल्या मताचा उपयोग होईल." खाली पाच चांदण्या, हव्या तेवढ्या रंगवायच्या. मी शाळेच्या गाडीतळावर गाडीत बसून होते. मी खरंच मत लिहिलं, काका. लिहिलं: रायफल चांगली आहे. वजन जुन्याइतकंच आहे. लाकूड फिकं आहे. ज्याच्यासाठी घेताय तो कसा आहे हे त्याला आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका. त्यांनी ते छापलं नाही.

ते लिहिताना मला कळलं की मी तुमच्यावर रागावले होते ते खोटं होतं. कारण मला ती ओळ कोणी लिहून कळवायची गरजच नव्हती. मला माहीत होतं.

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी मार्चच्या सुट्टीत घरी आले, भिंतीवर चार रिकाम्या खुंट्या बघितल्या, आणि आई ओलीचं सांगायला लागली तेव्हा मी तिच्याकडे न बघता "बरं" म्हटलं. आपल्याकडे कोणाच्या बंदुका कोणाच्या तिजोरीत केव्हा जातात हे लहान मुलालासुद्धा ठाऊक असतं. वाल्फ्रिड आजोबांच्या मुलाच्या गेल्या होत्या, त्याचा घटस्फोट झाला तेव्हा. तेव्हाही ओलच आली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला बस थांब्यावर सोडलं. गाडी बंद केली. पुढे बघत म्हणाले, "तुलाही वाटतं का गं, मी काही करीन म्हणून?"

त्यांनी मला विचारलं, काका. आईला नाही, तुम्हाला नाही, डॉक्टरला नाही. मला विचारलं, कारण मी शिकलेली, मी काहीतरी वेगळं बोलेन असं त्यांना वाटलं असणार. आणि मी काय म्हटलं? एका क्षणात म्हटलं, "छे, बाबा! काहीतरीच काय!" आणि त्यांच्या खांद्यावर चापट मारली. ते म्हणाले, "बरं." बस आली. मी चढले.

त्या वेळी मी बस सोडून द्यायला हवी होती. "तुम्हाला तसं वाटतं का?" एवढं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण ते "हो" म्हणतील याची मला भीती वाटली. आणि नंतर सात महिने मी माझं ते "छे" खरं ठरवायच्या मागे लागले. विश्वास, मान, बाईंचं वाक्य, एक्केचाळीस लोकांची मतं, सगळं त्यासाठी. दुसऱ्याच्या बापाला रडू आलं ते मी वहीत उतरवलं, आणि माझ्या बापानं मला जे विचारलं ते वहीत कुठेच नाही. ती रायफल म्हणजे माझं उत्तर होतं. मी ते त्यांच्या हातात दिलं.

आता तुमच्याबद्दल. आईनं मला गेल्या महिन्यात सगळं सांगितलं. चौदा नोव्हेंबरला, बुधवारी, तुम्ही ट्रक घेऊन आमच्याकडे गेलात. आईनंच बोलावलं होतं. तुमच्या खिशात माझं पत्र होतं, त्याच सकाळी आलेलं. बाबा म्हणाले, "रेयनो, कॉफी घ्यायला आलास की रायफल घ्यायला?" तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. बाबा म्हणाले, "पोरीनं दिलीय. बाकीच्या ठेव तुझ्याकडे, ही राहू दे." तुम्ही खिशाला हात लावलात, आईनं ते बघितलं. मग तुम्ही कॉफी घेतलीत, बोल्टला कुठलं तेल घालायचं ते सांगितलंत आणि घरी गेलात. पाच दिवसांनी, सोमवारी, बाबा एकटे कॅम्पवर गेले.

काका, तुम्हाला माझ्या पत्रानं अडवलं. तुम्ही न्यायलाच आला होतात, मी हात जोडून नेऊ नका म्हटलं होतं. हे मी खाली सही करून लिहून देतेय, कोणालाही दाखवा. तुम्ही एकदा त्यांच्या छातीवर बसून त्यांना जिवंत ठेवलं होतं. दुसऱ्यांदा मी तुम्हाला बसू दिलं नाही.

मी हे दोष वाटून घ्यायला लिहीत नाहीये. मला त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही. मी इथे एका समुपदेशक बाईंकडे दर मंगळवारी जाते, आम्ही दोघी मिळून बघतोय. हे लिहितेय कारण काल लेम्पी काकूंचा फोन आला.

त्या रडत नव्हत्या. तुम्हाला माहीत आहे त्या कशा बोलतात, जणू बाजाराची यादी वाचतायत. म्हणाल्या, "सायमा, रेयनो बरा आहे. जेवत नाही एवढंच. रात्री ट्रकमध्ये बसून असतो. गेल्या आठवड्यात त्याचे सगळे रंधे आणि करवती शेजारच्या डेनिसला देऊन टाकल्या. काल कुत्र्यासाठी घर शोधत होता. म्हणतो, आता फिरवणं होत नाही. बाकी बरा आहे हो." मी विचारलं, "काकू, तिजोरी?" तर म्हणाल्या, "तिजोरीला काय झालंय? तिजोरी कोरडी आहे."

बाबांनी मला सुरी दिली होती. मी पुलापर्यंत गाणं म्हटलं होतं. मी आता तेवढी अडाणी राहिलेली नाही.

म्हणून मी शनिवारी, तेरा तारखेला, येतेय. माझी शाळेतली मैत्रीण डोरीन तिचा ट्रक घेऊन बरोबर आहे. तुमच्या तिजोरीत जे आहे ते सगळं मी नेणार, बाबांच्या चार आणि तुमच्या जेवढ्या असतील तेवढ्या. शेरिफच्या कार्यालयात कुटुंबानं सांगितलं की ठेवून घेतात, मी कालच तिथे फोन करून कागद भरायची पद्धत विचारून ठेवलीय. कोणी विचारलं तर मी ओलीचं सांगणार नाही. मी सांगणार, रेयनो काकांचा जीव धोक्यात आहे म्हणून नेतेय. चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगेन. तुम्हाला लाज वाटेल. वाटू दे. पुढच्या वर्षी तुम्ही मला शिव्या द्यायला असलात की झालं.

तुम्ही म्हणाल, एनारची पोर, काल शाळेतून बाहेर पडलेली, मला शिकवायला निघाली. म्हणा. कॅम्पसमोर तुम्ही बाबांना खाली पाडलंत तेव्हा त्यांना विचारलं होतंत का?

आता मी ते विचारते जे मी बस थांब्यावर विचारलं नाही. ओळ मोठी करून लिहितेय, म्हणजे चष्मा नसला तरी दिसेल.

रेयनो काका, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?

"हो" लिहिलंत तर मी घाबरणार नाही. घाबरेन, पण पळणार नाही. "छे" लिहिलंत तर मी विश्वास ठेवणार नाही. पत्राला वेळ लागतो, तेव्हा हे वाचून झाल्या झाल्या काकूंना हाक मारा. त्या फोन लावतील, तुम्ही बोललेलं मला सांगतील आणि मी बोललेलं तुमच्या कानाशी ओरडतील. त्यांना मी हे पत्र आधीच फोनवर पूर्ण वाचून दाखवलंय, या ओळीसकट. त्या म्हणाल्या, "हे मला विचारता येत नव्हतं गं." त्यामुळे आता घरात कोणापासून काही लपवायचं उरलेलं नाही. त्या आत्ता स्वयंपाकघरात आहेत. जा.

तुमच्या उत्तराची वाट न बघता निघालेली,
सायमा एनार निएमेला